उरलेली एक काच

डोंगरावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्याच्या वाट्याला एक ठरलेली निराशा येते. कड्यासमोर उभे असताना ज्या दृश्याने पाय जागीच खिळले, तेच दृश्य घरी परतल्यावर कागदावर पाहावे, तर एक करडा दगड आणि त्याच्यावर फिकट आकाश एवढेच उरलेले असते. डोंगर तोच असतो, तपशीलही सगळे जागच्या जागी असतात. तरीही मनाला जे भिडले होते, ते चित्रात उतरलेले नसते. हा अनुभव छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे.

या निराशेचे कारण आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही एका तरुणाला १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीच्या वर, एका बर्फाळ सुळक्यावर अनपेक्षितपणे गवसले. तरुणाचे वय होते पंचवीस. तो तेथे कोणत्याही शोधासाठी गेला नव्हता. चार जिवलग माणसांबरोबर दिवसभराच्या चढाईला निघाला होता. छायाचित्रण हा त्याचा ठरलेला व्यवसायही नव्हता. त्याला पियानोवादक व्हायचे होते. त्याचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. पुढे विसाव्या शतकातील निसर्गछायाचित्रणाचा इतिहास ज्या मोजक्या नावांशिवाय लिहिता येत नाही, त्यांत या नावाची गणना झाली.

दरी आणि तिचा अर्धा घुमट

योसेमिटी ही सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील दरी. हिमनद्यांनी तिचे दोन्ही काठ तासून उभे केले आणि त्या काठांवरून आज धबधबे कोसळतात. दरीच्या पूर्व टोकाला ‘हाफ डोम’ नावाचा ग्रॅनाइटी खडकाचा प्रचंड घुमट उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,६९० मीटर आहे. दरीच्या तळापासून मोजली तरी ती १,४०० मीटरांहून अधिक भरते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दरीत उभे राहून मान वर करणाऱ्याला काय वाटत असेल, याची कल्पना येते. घुमटाची एक बाजू गोल आणि उतरती, तर दुसरी जणू सुरीने कापल्यासारखी उभी आहे. त्या उभ्या भिंतीवरील काळे ओघळ म्हणजे एका रडणाऱ्या स्त्रीचे अश्रू, अशी कथा दरीच्या मूळ रहिवाशांत सांगितली जाते.

हा कडा छायाचित्रकारांना नवा मुळीच नव्हता. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्येच अजस्र कॅमेरा आणि मोठमोठ्या काचा खेचरांवर लादून ही दरी गाठली होती. त्यांची चित्रे पूर्वेकडील शहरांतून पाहिली गेली. १८६४ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यामागील वातावरण घडविण्यात या चित्रांचाही वाटा होता. त्यानंतरच्या साठ वर्षांत किती कॅमेऱ्यांनी हाफ डोम टिपला, याची गणतीच नाही. म्हणजे १९२७ साली तेथे जाणाऱ्याला विषय नवा मिळणार नव्हता. मिळालीच तर दृष्टी नवी मिळणार होती.

पडता पडता घेतलेले चित्र

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या एका हादऱ्यात हे चार वर्षांचे मूल भिंतीवर आपटले आणि त्याचे नाक मोडले. ते जन्मभर वाकडेच राहिले. शाळेत त्याचे मन रमेना. वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकविण्याची व्यवस्था केली. बाराव्या वर्षी तो आपला आपण पियानो वाजवू लागला आणि मग रीतसर शिक्षकांकडे शिकू लागला. चंचल मुलाला संगीताने बैठक दिली. एक सूर शुद्ध लागेपर्यंत पुढे जायचे नाही, ही सवय त्याला तेथेच जडली.

१९१६ मध्ये तो आजारी पडून अंथरुणात असताना मावशीने त्याला सिएरा पर्वतावरील एक जुने पुस्तक वाचायला दिले. ते वाचून त्याने सुटीत योसेमिटीलाच जाण्याचा हट्ट धरला आणि आईवडिलांनी तो पुरविला. तेथे त्याच्या हाती एक साधा ‘बॉक्स ब्राउनी’ कॅमेरा देण्यात आला. तंबूजवळच्या एका जुनाट बुंध्यावर चढून तो हाफ डोमचे चित्र घेणार, तोच बुंधा खचला आणि अ‍ॅन्सेल डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत जमिनीवर आला. पडता पडता बोट कळीवर दाबले गेले. फिल्म धुऊन आली तेव्हा बाकीची चित्रे सरळ होती आणि हाफ डोम तेवढा उलटा होता! त्या डोंगराशी त्याची छायाचित्रकार म्हणून ही पहिली ओळख.

त्यानंतर दर वर्षी त्याचे पाय योसेमिटीकडे वळू लागले. फोटो धुणाऱ्या एका व्यावसायिकाकडे काम करून तो अंधारखोलीतील कसब शिकला. १९१९ मध्ये तो सिएरा क्लब या गिर्यारोहक आणि निसर्गरक्षक संस्थेचा सभासद झाला आणि पुढे काही उन्हाळे दरीतील त्यांच्या वास्तूचा रखवालदार म्हणून राहिला. दरीत पियानो कोठून मिळणार? तो हॅरी बेस्ट या चित्रकाराच्या स्टुडिओत होता. सरावासाठी तेथे जाता जाता बेस्ट यांची कन्या व्हर्जिनिया हिच्याशी त्याचा स्नेह जुळला.

या वर्षांत अ‍ॅडम्स यांनी पुष्कळ चित्रे घेतली. पण ती बहुतांशी भटकंतीची टिपणे होती: आज येथे गेलो, हे शिखर पाहिले, असे सांगणारी. त्या काळात छायाचित्राला ‘कला’ म्हणवून घ्यायचे असेल तर ते रंगवलेल्या चित्रासारखे धूसर आणि मऊ करण्याची प्रथा होती. अ‍ॅडम्स यांनीही तो मार्ग काही काळ चोखाळून पाहिला. मन मात्र पियानोपाशी होते. १९२६ मध्ये विमा व्यवसायातील कलाप्रेमी गृहस्थ अल्बर्ट बेंडर यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि सिएरा पर्वताच्या निवडक चित्रांचा एक संच प्रसिद्ध करण्याची सारी व्यवस्था आरंभली. पुढच्या वसंतातली ती चढाई या पार्श्वभूमीवर घडली.

बारा काचा

हाफ डोमच्या पश्चिम खांद्यावर दरीच्या दिशेने पुढे आलेला एक सुळका आहे. तो ‘डायव्हिंग बोर्ड’ म्हणून ओळखला जातो. तेथून घुमटाची उभी भिंत अगदी जवळून, बाजूने आणि संपूर्ण दिसते. एप्रिल महिना असल्याने वाटेतील घळींत अजून बर्फ होते. अ‍ॅडम्स यांच्याबरोबर व्हर्जिनिया, व्हायोलिनवादक व छायाचित्रकार मित्र सेड्रिक राइट आणि आणखी दोन मित्र होते.

अ‍ॅडम्स यांच्या पाठीवर सुमारे १८ किलोचे ओझे होते. त्यात साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या काचांवर चित्र घेणारा ‘कोरोना’ कॅमेरा, दोन भिंगे, दोन फिल्टर आणि बारा काचा होत्या. शिवाय लाकडी तिपाई होतीच. त्या काळी चित्र काचेवर उमटत असे. काचेवर प्रकाशाला संवेदनशील असा थर दिलेला असे आणि एका काचेवर एकच चित्र निघे. चुकले तर पुसता येत नसे, खाली जाऊन दुसरी काच आणता येत नसे. बारा काचा म्हणजे बारा संधी.

त्या संधी वाटेतच खर्च होऊ लागल्या. चढताना जागोजागी मोह पडला. काही चित्रे घेतली गेली, काही काचा चुकीच्या हिशोबाने वाया गेल्या. दुपारी मंडळी डायव्हिंग बोर्डवर पोहोचली तेव्हा बारांपैकी दोन काचा शिल्लक होत्या. समोर ती भिंत, पायाखाली हजारो फुटांची दरी, आणि कडा अजून सावलीत. घाई करून उपयोग नव्हता. अ‍ॅडम्स थांबले. सूर्य पश्चिमेकडे कलू लागला तसा प्रकाश भिंतीवरून घासत सरकू लागला आणि अडीचच्या सुमारास खडकाचा पोत उजळला.

त्यांनी कॅमेरा लावला, भिंगावर पिवळा फिल्टर चढविला आणि पहिली काच वापरली. हे सारे नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे झाले. पिवळा फिल्टर आकाशाचा निळा प्रकाश थोडा अडवितो आणि कृष्णधवल चित्रात आकाश पांढरे फटक न पडता डोळ्याला दिसते त्याच्या जवळपास उतरते. कोणत्याही शिक्षकाने हेच करायला सांगितले असते.

काच झाकून बाजूला ठेवताना मात्र त्यांच्या मनात शंका उभी राहिली. या काचेवरून उद्या जे चित्र निघेल ते कसे दिसेल? ते त्यांनी मनातल्या मनात पाहिले. खडक बरोबर, बर्फ बरोबर, आकाश बरोबर. पण समोरच्या त्या अवाढव्य शिळेने उरात जो दरारा उत्पन्न केला होता, तो त्यात कोठेच नव्हता. ते चित्र डोंगराची नोंद ठरले असते. डोंगरासमोर उभ्या असलेल्या माणसाचे मन त्यात आले नसते. दरारा आणायचा तर आकाश जवळजवळ काळे व्हायला हवे, सावल्या खोल व्हायला हव्यात आणि त्यांतून ती भिंत बर्फाच्या शुभ्रतेसह पुढे यायला हवी. असे चित्र त्यांना प्रथम मनात दिसले आणि मग त्यांनी दुसऱ्या फिल्टरकडे हात नेला. तो गडद लाल होता.

लाल काचेचे काम

कृष्णधवल चित्रात रंग नसतात, फक्त उजेड-अंधाराच्या छटा असतात. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवितो आणि तांबडा आत सोडतो. स्वच्छ आकाशातून मुख्यतः निळाच प्रकाश येत असल्याने काचेवर आकाशाची छाप फार क्षीण उमटते आणि छापील चित्रात ते काळोखे होते. पर्वतावरील सावल्यांना थेट ऊन मिळत नाही. त्यांना मिळतो तो निळ्या आकाशाचाच परावर्तित उजेड. त्यामुळे त्या सावल्याही गडद होतात. उन्हात न्हालेला खडक आणि बर्फ मात्र उजळ राहतात. जुन्या काळच्या काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. अ‍ॅडम्स यांच्याकडील काचा सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या, पॅनक्रोमॅटिक जातीच्या होत्या, म्हणूनच हा प्रयोग शक्य झाला.

किंमत होती वेळेची. एवढा गडद फिल्टर लावला की प्रकाश सोळा पटींनी जास्त वेळ द्यावा लागे. हिशोब निघाला पाच सेकंदांचा. पाच सेकंद तिपाईने हलता कामा नये, वाऱ्याने कॅमेरा थरथरता कामा नये. काच एकच उरली होती. हे चित्र फसले तर दिवस संपला. अ‍ॅडम्स यांनी झडप उघडली, पाच सेकंद मोजले आणि मिटली.

ती काच धुतल्यावर जे दिसले ते त्यांनी कड्यावर मनात पाहिले होते तेच होते. ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ या नावाने ते चित्र जगभर ओळखले जाते. ‘मोनोलिथ’ म्हणजे एकसंध शिळा. बेंडर यांच्या साहाय्याने १९२७ मध्ये निघालेल्या अठरा चित्रांच्या संचातही ते समाविष्ट झाले. पिवळ्या आणि लाल फिल्टरची दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर फरक लहान मुलालाही सांगता येईल. जागा एक, भिंग एक, वेळेत अंतर थोडेसे. तरी एक चित्र माहिती देते आणि दुसरे श्वास रोखायला लावते.

हे खरे की खोटे?

येथे एक रास्त शंका निघते. त्या दुपारी आकाश काळे नव्हते, निळे होते. मग काळे आकाश दाखविणे ही फसवणूक नव्हे काय?

विचार केला तर दिसते की कोणतेही कृष्णधवल चित्र वास्तवापासून दूर गेलेलेच असते. रंग काढून टाकले तेथेच ते अंतर पडले. फिल्टर न लावता घेतलेल्या चित्रातील पांढरे आकाशही खरे नसते. प्रश्न उरतो तो छटा कोणी ठरवायच्या याचा. काच आपल्या रासायनिक गुणधर्माने त्या ठरविते, किंवा माणूस जाणून-बुजून ठरवितो. अ‍ॅडम्स यांनी डोंगरात नसलेली गोष्ट चित्रात घातली नाही, असलेली पुसली नाही. फक्त कोणता सूर चढा लावायचा आणि कोणता मंद, हे त्यांनी निवडले. आपली चित्रे वास्तवाची हुबेहूब नक्कल नाहीत, हे त्यांनी कधी लपविलेही नाही.

त्या दुपारी जे घडले त्याला पुढे ते ‘व्हिज्युअलायझेशन’ म्हणत: कळ दाबण्यापूर्वीच अंतिम चित्र मनात पूर्ण पाहणे आणि मग त्याला अनुरूप साधने निवडणे. त्यांच्या सबंध कलेचा हा पाया ठरला. १९४० च्या सुमारास सहकारी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर त्यांनी ‘झोन सिस्टिम’ नावाची पद्धत बसविली. तिच्यात गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून, कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर उमटावी हे आधीच ठरविता येते. कड्यावर एका काचेने जे शिकविले, ते या पद्धतीमुळे वर्गात शिकविता येऊ लागले.

पियानो आणि पर्वत

त्या दिवसानंतरही पियानो लगेच सुटला नाही. १९२८ च्या जानेवारीत व्हर्जिनियाशी विवाह झाला तेव्हाही अ‍ॅडम्स दोन वाटांच्या तिठ्यावर उभे होते. १९३० मध्ये न्यू मेक्सिकोतील टाओस येथे छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांच्या निगेटिव्ह पाहण्याचा योग आला आणि मग निर्णय पक्का झाला. वर्षानुवर्षांची तपश्चर्या बाजूला ठेवून, पोटापाण्याची शाश्वती नसलेल्या कलेला आयुष्य वाहणे सोपे नव्हते. घरच्या माणसांना ते रुचले नाही. मात्र संगीत वाया गेले नाही. निगेटिव्ह ही संगीतरचनेची लिखित संहिता आणि छापील चित्र हे तिचे वादन, असे ते समजावून सांगत. एकच संहिता वादक दर वेळी नव्या समजेने वाजवितो. तसे त्यांनी त्याच काचेवरून पुढील अनेक दशके नव्याने चित्रे छापली.

ज्या पर्वताने त्यांना दृष्टी दिली, त्याचे ऋणही त्यांनी फेडले. सिएरा पर्वतातील किंग्ज कॅन्यन प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा म्हणून १९३६ मध्ये ते सिएरा क्लबच्या वतीने आपली चित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले. १९३८ मध्ये त्या पर्वतरांगेवरील त्यांचे चित्रपुस्तक निघाले आणि ते अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९८४ मध्ये अ‍ॅडम्स यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी योसेमिटीच्या सीमेवरील एका शिखराला त्यांचे नाव देण्यात आले.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

आज घराघरांतील मंडळी सुटीत डोंगराकडे निघतात. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो आणि चित्रांची संख्या मोजण्याचे कारण उरलेले नाही. एका सूर्योदयाची पन्नास चित्रे निघतात, त्यांतील एकही पुन्हा उघडून पाहिले जात नाही. साधनांची विपुलता वाईट नाही. पण तिच्यामुळे ‘हे चित्र कशासाठी?’ असे स्वतःला विचारण्याची गरज संपते. डायव्हिंग बोर्डवर आणखी दहा काचा शिल्लक असत्या, तर पिवळ्या फिल्टरची दहा चित्रे निघण्याचा संभव मोठा होता. उणीव होती, म्हणून विचार झाला.

पुढच्या सहलीत हा एक लहानसा खेळ खेळून पाहण्यासारखा आहे. घरातील प्रत्येकाने, लहानांनीही, दिवसभरासाठी बाराच चित्रांची मर्यादा ठरवून घ्यावी. चित्र घेण्यापूर्वी मोबाइल खाली धरून समोरच्या दृश्याने आपल्याला नेमके कशाने थांबविले, ते शेजारच्याला एका वाक्यात सांगावे: उंचीने, शांततेने, धुक्याने, की एकट्या उभ्या झाडाने? उंचीने थांबविले असेल तर पायथ्याशी माणूस येऊ द्यावा. शांततेने थांबविले असेल तर गर्दीचा तपशील चौकटीबाहेर ठेवावा. प्रकाश योग्य नसेल तर दगडावर बसून वाट पाहावी. संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून ती चित्रे पाहावीत आणि बोललेले वाक्य चित्रात उतरले आहे का, ते ताडून पाहावे. पुष्कळदा उतरलेले नसेल. ते का उतरले नाही याचा विचार करता करता नजर तयार होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवरचा डोंगर निराळा दिसू लागतो.